व्यसनमुक्तीचा पैसा : दिल्लीहून अड्याळपर्यंत

औषधी उपयोग वगळता मादक पेये आणि आरोग्याला घातक अमली पदार्थ यांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे राज्यघटनेचा 47 वा अनुच्छेद सांगतो. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी कोणा सरकारला कोर्टात खेचता येत नाही. त्याच राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टाने दारूवरचा अबकारी कर राज्यांच्या हाती दिला आहे, आणि त्याची वसुली मात्र नियमित होते. व्यसनमुक्तीवरच्या सरकारी खर्चाचा कोणताही हिशेब या दोन तरतुदींच्या मधल्या जागेत बसतो.

हा हिशेब गावातून पाहायचा तर अड्याळ घेऊ. भंडारा-पवनी रस्त्यावरचे हे पवनी तालुक्यातले मोठे गाव. (तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली प्रसिद्ध अड्याळ टेकडी ती ही नव्हे, ती चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यात आहे.) हा सगळा धानपट्टा. जंगलालगतच्या भागात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचली जातात, अंगणात वाळवली जातात आणि वर्षभर पुरतात. काही फुले व्यापाऱ्याकडे जातात, काहींचा सडवा होतो. प्लास्टिकच्या ड्रममध्ये आंबवलेल्या या सडव्यापासून हातभट्टीची दारू निघते. पोलिसांची धाड पडली की सडवा जागेवर ओतून दिला जातो, दारूबंदी कायद्याच्या 65 व्या कलमाखाली गुन्हा नोंदवला जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जप्त मालाच्या किमतीसह चार ओळी येतात. हातभट्टीच्या जोडीला परवान्याची देशी दारू आहे आणि घराघरांत खर्रा आहे. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेल्या खर्ऱ्याला पूर्व विदर्भात कोणी व्यसन म्हणतच नाही. ओडिशा आणि आंध्रकडून येणारा गांजा गोंदिया-भंडारा मार्गाने नागपूरकडे जातो. नागपूर, पुणे, मुंबई या शहरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एमडी म्हणजे मेफेड्रोन पसरले. पण भंडारा जिल्ह्यातल्या गावात माणूस व्यसनाने मरतो तो बहुतेक वेळा दारूने.

निधीचे वाटप मुळातच आकड्यांवर ठरते, आणि मृत्यूचा आकडा नोंदीतून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात अमली पदार्थाच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूंचा स्वतंत्र रकाना असतो. 2022 साली त्यात संपूर्ण देशासाठी 681 ही संख्या होती. त्याच काळात अमेरिकेत वर्षाला लाखाहून अधिक माणसे अतिसेवनाने मरत होती. भारताची लोकसंख्या चौपट असताना हा फरक केवळ पदार्थांच्या फरकाने पडत नाही. ज्या मृत्यूची विषतपासणी होते तोच या रकान्यात पोचतो. विषारी दारूचे मृत्यू वेगळ्या रकान्यात जातात. व्यसनापायी झालेल्या आत्महत्या तिसरीकडे नोंदल्या जातात: 2022 मध्ये देशातल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी 6.8 टक्क्यांचे कारण अमली पदार्थ किंवा दारूचे व्यसन असे लिहिले गेले. आणि यकृत सडून, रक्ताच्या उलट्या होऊन जो माणूस गेला, त्याची नोंद यातल्या एकाही ठिकाणी होत नाही.

गावात मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. माणूस घरी गेला असेल आणि डॉक्टरचा दाखला नसेल, तर घरचे लोक सांगतील ते कारण लिहिले जाते: कावीळ, पोटाचा आजार, ताप, अशक्तपणा. शेतात, विहिरीत किंवा रस्त्याच्या कडेला मृतदेह सापडला तर पोलीस मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शवविच्छेदन होते, व्हिसेरा नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. अहवाल येईपर्यंत घरच्यांचे दिवसकार्य उरकलेले असते. घरच्यांनाही 'दारूने मेला' असे कागदावर नको असते. मुलीचे लग्न असते, विम्याचा प्रश्न असतो, चारचौघांत मान खाली जाते. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. पण परिणाम असा होतो, की जिल्ह्याच्या कागदावर दारूचे मृत्यू जवळजवळ नसतात, आणि जे कागदावर नाही त्यासाठी अंदाजपत्रकात रकमेची मागणी होत नाही.

मृत्यू मोजले जात नसले तरी व्यसनी माणसे मोजण्यासाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राकडून देशभर पाहणी करवून घेतली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, त्यांतले 5.7 कोटी लोक ती त्रास होईल इतकी पितात आणि सुमारे 2.9 कोटी पूर्णपणे तिच्या आहारी गेलेले आहेत. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत मदतीची गरज असलेल्यांची संख्या 77 लाखांच्या घरात निघाली. नस टोचून नशा करणारे साडेआठ लाख. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार घेणारा 180 मध्ये एक. व्यसनावरच्या सरकारी चर्चेत गांजा आणि एमडी यांच्या बातम्या पुढे असतात. हा अहवाल मात्र दारूलाच सर्वांत पुढे ठेवतो.

सरकारी पैशाला सुरुवात झाली ती 1985 च्या सुमारास, आणि ती दारूमुळे झाली नाही. मुंबई-पुण्यात त्या काळात ब्राउन शुगर, म्हणजे मराठी घरांतले 'गर्द', कॉलेजातल्या मुलांपर्यंत पोचले होते. 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, लागू झाला. 1985-86 पासून केंद्राने स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्तीसाठी अनुदान देण्याची योजना राबवली, तर आरोग्य मंत्रालयाने 1988 मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी वेगळा कार्यक्रम हाती घेतला. एकाच रोगासाठी दोन मंत्रालये, दोन अंदाजपत्रके आणि जिल्ह्यात दोन वेगळी कार्यालये ही रचना तेव्हापासून चालत आली आहे. आजही समाजकल्याण कार्यालयातला माणूस आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातला माणूस एकाच रुग्णाबद्दल दोन वेगवेगळे तक्ते भरतात.

1989 मध्ये कायद्यात 7-अ हे कलम घालून राष्ट्रीय निधी उभारण्याची तरतूद झाली. केंद्राचा वाटा, देणग्या आणि तस्करांच्या जप्त मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कम या निधीत जमा व्हावी आणि तस्करीला आळा घालण्यापासून उपचार-पुनर्वसनापर्यंत ती खर्च व्हावी, अशी कल्पना होती. तस्कराच्या बंगल्यातून व्यसनी माणसाचा उपचार, हे कागदावर फार छान दिसते. प्रत्यक्षात जप्ती, अपील आणि लिलाव यांतच वर्षे जातात, आणि या निधीने उपचाराचे चित्र बदलले असे कधी झाले नाही.

महाराष्ट्रात उपचाराची वाट सरकारच्या आधी लोकांनीच पाडली. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 29 ऑगस्ट 1986 रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. मुंबईत फादर जो परेरा यांचे 'कृपा फाउंडेशन' 1981 पासून काम करत होते. केंद्राचे अनुदान अशा संस्थांना नंतर मिळू लागले, आणि पुढे याच दोन संस्थांकडे इतर केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे काम सोपवले गेले. मुक्तांगणमधला उपचार 35 दिवसांचा. देशभरची अनुदानित केंद्रेही थोड्याफार फरकाने याच साच्याची बनली: 15, 30 किंवा 50 खाटा, समुपदेशक, अर्धवेळ डॉक्टर, परिचारिका, स्वयंपाकी, योगशिक्षक.

हे अनुदान मिळते कसे, ते पाहण्यासारखे आहे. संस्थेला आधी सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरल्यावर जिल्ह्याची तपासणी होते, राज्य शिफारस करते, मग फाईल दिल्लीला जाते. जुन्या नियमानुसार मंजूर खर्चाच्या 90 टक्के रक्कम केंद्र देई आणि 10 टक्के संस्थेने उभी करायची असे. रक्कम हप्त्याने येते. पुढचा हप्ता हवा तर आधीच्या रकमेचे विनियोग प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल जोडायचा. तपासणी लांबली की शिफारस लांबते, शिफारस लांबली की मार्च उजाडतो. तोवर किराणा उधारीवर येतो आणि समुपदेशक दुसरी नोकरी शोधतो. व्यसनी माणूस मात्र ज्याच्याशी पहिल्यांदा खरे बोलला त्या समुपदेशकाच्या भरवशावर परत येत असतो. या सबंध यंत्रणेतली सर्वांत मोलाची गोष्ट त्या माणसाचा पगार ही आहे, आणि नेमका तोच सर्वांत आधी थकतो.

2018 नंतर या योजनेला 'राष्ट्रीय कृती आराखडा' असे नाव मिळाले. 15 ऑगस्ट 2020 रोजी 272 जिल्ह्यांत 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झाले आणि पुढे ते सगळ्या जिल्ह्यांत गेले. आराखड्यासाठी केंद्राच्या अलीकडच्या अंदाजपत्रकांत वर्षाला 300 कोटींच्या आसपास तरतूद असते. हा पैसा दारू, अफू, गांजा, गोळ्या अशा सगळ्यांसाठी आहे. पण तो नुसत्या दारूच्या आहारी गेलेल्या 2.9 कोटी लोकांत वाटला, तरी माणशी वर्षाला 100 रुपयांच्या आसपास पडतात. महाराष्ट्रात जून 2025 मध्ये करवाढ झाली तेव्हा देशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या पव्व्याची किमान किंमत 80 रुपये ठरली. म्हणजे वर्षभराच्या उपचाराच्या नावावर एका माणसामागे दीड पव्व्याइतकीही रक्कम नाही.

दुसऱ्या बाजूचे आकडे वेगळ्याच मापाचे आहेत. महाराष्ट्राला राज्य उत्पादन शुल्कातून वर्षाला 20 हजार कोटींहून अधिक मिळतात. दारूवरचा विक्रीकर त्याहून वेगळा. 2025 च्या त्या करवाढीतून आणखी 14 हजार कोटी अपेक्षित धरले होते, आणि त्याच निर्णयात उत्पादन शुल्क विभागाचे मनुष्यबळ वाढवायलाही मंजुरी मिळाली. त्याच वर्षी पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कृती दलासाठी 346 पदे मंजूर झाली. वसुली आणि कारवाई यांसाठी पदे निर्माण होतात, त्यांची वेतनश्रेणी ठरते, पगार कोषागारातून जातो. उपचारासाठी मात्र अनुदान असते, आणि अनुदान दर वर्षी नव्याने मागावे लागते. रकमेच्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे, कारण 300 चे 600 कोटी केले तरी तो तसाच राहतो. राज्याने 2011 मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले. त्यातून नशाबंदी मंडळाचे कार्यक्रम, पुरस्कार, व्यसनमुक्ती साहित्य संमेलन असे बरेच काही उभे राहिले. यातला बराचसा भर प्रबोधनावर आहे. रोज पिणाऱ्याला प्रबोधनाची गरज नसते. दारू वाईट हे त्याला शाळकरी पोरापेक्षा जास्त कळते.

अड्याळच्या आसपासचा मुलूख सरकारी धोरणाच्या दृष्टीने फार शिकवणारा आहे, कारण पूर्व विदर्भात बंदीचे निरनिराळे प्रयोग शेजारीशेजारी झाले. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत मोठ्या जनआंदोलनानंतर ती 1993 मध्ये आली. चंद्रपुरात 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या बायकांनी 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा काढला; 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये ती उठली. त्या सहा वर्षांत चंद्रपुरात शेजारच्या जिल्ह्यांतून चोरट्या मार्गाने दारू जात होती. बंदी उठवताना सरकारने अवैध धंदा वाढल्याचे कारण दिले. ते खोटे नव्हते. पण बंदीच्या काळात ज्यांची दारू तुटली त्यांच्या उपचारासाठी वेगळी रक्कम किती ठेवली होती, हा प्रश्न त्या सगळ्या वादात फारसा निघालाच नाही. बंदी ही बहुतेक सरकारांना बिनखर्चाची योजना वाटते. बुडालेला महसूल तेवढा मोजला जातो.

गडचिरोलीत 2016 पासून निराळा प्रयत्न झाला. राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था यांनी मिळून 'मुक्तिपथ' सुरू केला. त्यात बंदीची अंमलबजावणी, गावोगावच्या संघटना, दारूबरोबर तंबाखूवर नियंत्रण आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक हे एकत्र बांधले होते. तालुक्यातले क्लिनिक ही त्यातली साधी पण फार महत्त्वाची गोष्ट.

तिचे महत्त्व दारू तुटल्यावर काय होते ते पाहिले की कळते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. घरचे म्हणतात बाहेरचे लागले, किंवा दारू सोडली म्हणूनच मरतोय, पाजा थोडी. वेळीच उपचार नाही मिळाला तर यात जीव जाऊ शकतो. औषधे मात्र साधी आहेत: क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या दर दिवशी कमी करत न्यायच्या आणि थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व द्यायचे. दोन्ही स्वस्त. लागतो तो ती नेमकी देणारा डॉक्टर आणि आठवडाभर रोज विचारपूस करणारे कोणीतरी. अवघड रुग्णाला खाट हवीच. पण बहुतेकांचे काम बाह्यरुग्ण विभागात भागते. धान रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून महिनाभर नागपूर किंवा पुण्याला जाऊन राहणे पवनी तालुक्यातल्या भूमिहीन माणसाला परवडत नाही. अनुदानाची जुनी रचना खाटेवर उभी आहे, गावातली गरज गोळीची आणि समुपदेशकाची आहे. केंद्राने अलीकडे सरकारी रुग्णालयांत बाह्यरुग्ण पद्धतीची व्यसन उपचार केंद्रे सुरू केली आहेत, आणि ज्या जिल्ह्यांत कोणतेच केंद्र नाही तिथे जिल्हा व्यसनमुक्ती केंद्राची तरतूद केली आहे, ती या उणिवेची उशिरा घेतलेली दखल म्हणायची.

अतिसेवनाचा मृत्यू ही निराळी बाब आहे, आणि तिच्यावरचा खर्चही निराळा. हेरॉइनसारखे अफूजन्य पदार्थ मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतात. माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि श्वास थांबतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर हे लवकर घडते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकताच सुटलेला माणूस सर्वांत धोक्यात असतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि तो मात्रा पूर्वीचीच घेतो. यावर नालोक्सोन हे औषध काही मिनिटांत काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये अशी शिफारस केली, की हे औषध व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या आणि सोबत्यांच्या हातीही असावे. भारतात ते आवश्यक औषधांच्या यादीत आहे, पण मुख्यत्वे रुग्णालयात, इंजेक्शनच्या रूपात. दीर्घकालीन उपाय म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध रोज देखरेखीखाली देणे. यासाठीचा पैसा भारतात मोठ्या प्रमाणावर आला तो एड्स नियंत्रणाच्या खात्यातून. एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही पसरतो, म्हणून सरकारने या लोकांकडे लक्ष दिले. साथ रोखण्यासाठी आलेल्या या पैशाने बरेच जीव वाचवले, पण सुई न वापरणाऱ्यांना तो लागू पडला नाही, आणि दारुड्याला तर मुळीच नाही.

अमेरिकेत पैशाची अडचण निराळ्या तऱ्हेने सुटली. वेदनाशामक गोळ्यांच्या कंपन्यांवर राज्यांनी आणि शहरांनी खटले भरले, आणि तडजोडींतून 50 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अनेक वर्षांत देण्याचे ठरले. नालोक्सोनचे फवारे आता तिथे दुकानात मिळतात. 2023 नंतर तिथले अतिसेवनाचे मृत्यू लक्षणीय घटले. त्याची कारणे अनेक आहेत, पण ही रक्कम खर्च कशावर करायची याचे नियम करारातच घातले होते, एवढे तरी उचलण्यासारखे आहे. महाराष्ट्रात दारूच्या महसुलातला ठरावीक हिस्सा उपचारालाच, असा बांधलेला नियम नाही. तो पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि रस्त्यांपासून पगारांपर्यंत कुठेही खर्च होतो.

अड्याळसारख्या गावातल्या घराला आजच्या घडीला सरकारी खर्चातून काय मिळू शकते? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. भंडाऱ्याच्या पुढचा टप्पा म्हणजे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा टेलिमानसचा मोफत दूरध्वनी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक स्थितींचा समावेश आहे, त्यामुळे उपचार हा मागण्याचा हक्क ठरतो, आणि साखळीने बांधून ठेवणारी बिगरनोंदणी 'केंद्रे' बेकायदा. एनडीपीएस कायद्याचे 64-अ हे कलम फार कमी लोकांना ठाऊक असते: सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणातल्या मालासाठी ज्याच्यावर खटला होऊ शकतो असा व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते, उपचार अर्ध्यावर सोडला तर ते काढूनही घेता येते.

गावाच्या हातातले मार्गही आहेत. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला 10 हजार रुपयांचा अबंधित निधी मिळतो. तो बहुधा फिनेल आणि फवारणीत संपतो, पण रुग्णाला भंडाऱ्याला नेण्याच्या गाडीभाड्यासाठीही तो वापरता येतो. 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेत अवैध दारू बंद करणे हाही एक निकष होता आणि गावांना लोकसंख्येनुसार रोख पुरस्कार मिळाले. 2016 च्या दुरुस्तीने ग्रामसभेला ग्रामरक्षक दल नेमता येते. आणि परवान्याचे दुकान बंद करायचे असेल, तर 2008 च्या आदेशानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात 'आडवी बाटली' या चिन्हावर शिक्का मारावा लागतो. मतदानाला न आलेल्या बाईचे मत त्यात आपोआप दुकानाच्या बाजूने मोजले जाते. हे मतदान घेण्याचा खर्च सरकार करते. दुकान बंद झाल्यावर ज्यांची दारू तुटेल त्यांच्या गोळ्यांचा खर्च त्या आदेशात नाही.